लाल पट्टीचा पाईप

इंदोरा, नागपूर
२६ मार्च २०२५

सोनिकाताई,
जय भीम.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईनं विचारलं, साधं पाठवू की स्पीड पोस्ट? मी म्हटलं, भांडणाचं पत्र आहे, लवकर पोचेल ते करा. ती हसली. मी नाही हसलो.

सरळ सांगतो. तू बाळंतपणाला इथे येऊ नको.

तुझं डोकं फिरेल, मला माहीत आहे. फिरू दे. माझंही फिरलेलं आहे. पण पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड.

होळीनंतर मी घरी आलो. स्वतःहून नाही आलो. आईनं शेजारच्या भैय्याजींच्या फोनवरून बोलावलं. म्हणाली, वरच्या टाकीत पाणी चढत नाही, तुझे बाबा नळाला पाणी ओढायचा टिल्लू पंप लावून दिवसभर त्याच्यापाशी बसून राहतात, तू ये आणि पाहून जा. मी तेव्हा पारशिवनीकडे एकाच्या मिरचीच्या वावरात ठिबकच्या नळ्या जोडत होतो. तिथली माकडं नळी दातानं फोडून पाणी पितात, आणि नेमकी जॉइंटपाशीच फोडतात, साल्यांना कोण शिकवते कोण जाणे. ते जाऊ दे.

फाटकात पाय ठेवला तर बाबा म्हणाले, "काहून आला?"

"आईनं बोलावलं."

"तिनं बोलावलं त तिच्यापाशी बस."

झालं आमचं बोलणं. ऑगस्टात त्यांना कावीळ झाली तेव्हापासून एवढंच होते. तू हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्या नातेवाइकांसमोर मला म्हणाली होतीस, "तूच त्यांना गाडीवरचे तर्री पोहे चारलेस, तूच मारशील त्यांना." विसरलीस? मी नाही विसरलो. त्याच जिन्यानं उतरलो तो सरळ बस स्टँडवर गेलो.

तर पाईप. अंगणातला पाईप कसा चमकतो तुला माहीत आहे. दर चौदा एप्रिलच्या आधी बाबा त्याला चंदेरी रंग मारतात. वरून अगदी नवरदेव. मी पान्यानं हलकंच ठोकलं. चांगला पाईप ठणकतो. हा ओल्या लाकडासारखा वाजला. वळणावरचा रंग नखानं उचकटला तर खालून तांबडी भुकटी निघाली. मग एक बादली मीटरपाशी लावली आणि तसलीच एक स्वयंपाकघरात. मीटरपाशी बादली भरून वाहायला लागली तेव्हा स्वयंपाकघरात नुसता तळ झाकला होता. म्हणजे वरचा जस्ताचा मुलामा कधीच गेला, आणि आतलं लोखंड गंजून गंजून फुगत चाललं आहे. मधून पाणी जाते ते पेन्सिलएवढ्या वाटेनं.

हे असतं तरी चाललं असतं. अर्धं हिंदुस्थान पेन्सिलएवढ्या धारेवर जगते.

मग मी घरातले सगळे नळ बंद केले. आईला म्हटलं, थोडा वेळ कशालाच हात लावू नको. आणि मीटरसमोर उकिडवा बसलो. मीटरचं ते बारकं चाक फिरत होतं, ताई. हळू, पण फिरत होतं. घरात कोणी थेंब घेत नाही आणि चाक फिरते. म्हणजे जमिनीच्या पोटात पाईप फुटला आहे. आणि तो जातो कुठून? नालीखालून. मग संडासाच्या चेंबरला घासून. मग स्वयंपाकघराच्या खालून. नळ चालू असतो तेव्हा त्या भोकातून आपलं पाणी बाहेर जाते. नळ गेला आणि बाबांनी टिल्लू लावला, की तेच भोक बाहेरचं आत ओढते. बाहेर काय आहे ते मी लिहीत नाही. पंप लावल्यावरचा पहिला तांब्या मी नाकाशी नेला होता, तेवढं पुरे.

आता आपल्या घरची रीत ऐक. रात्रीचं पाणी शिळं, म्हणून सकाळी माठ रिकामा करायचा. नळ आला की पहिली धार माठात. त्याच्याआधी नळाखाली खरकटी वाटीसुद्धा धरायची नाही, आई हात झटकते. म्हणजे रात्रभर त्या पाईपात जे साचलं, मुरलं, कुजलं, ते आपण ताजं म्हणून पितो! वरून तुरटी फिरवतो. तांबडं खाली बसते, वर काचेसारखं दिसते. आणि मागाहून खरंच साफ पाणी येते तेव्हा बाबा त्यानं स्कूटर धुतात.

त्यांची कावीळ पोह्यांनी आली की कशानं, ते मी सांगत नाही. तू शिकलेली आहेस.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "लाल पट्टीचा पाईप हाय तो. सगळ्यात जाड. तुह्या नातवालेही पुरंल." आणि त्या पाईपावर त्यांनी आता नव्या टाइल्स बसवल्या आहेत, स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीत. तुझ्या बाळंतपणासाठी. मी छिन्नी काढली तर म्हणाले, "हात लावून पाह्य."

म्हणून येऊ नको. पाईप निघेपर्यंत नको.

धम्मानंद


चंद्रपूर
३१ मार्च २०२५

धम्मा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तपासणीला गेले होते. पोस्टमननं ते सासूबाईंच्या हातात दिलं. माहेरचं पत्र, काही निरोप असेल म्हणून त्यांनी फोडलं. त्यांनी चौथी ओळ वाचली, घडी घातली आणि मी आल्यावर माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुझ्या भावालाच तू नको आहेस वाटतं."

आता सांग, पुढचे पाईप आणि बादल्या मी त्यांना वाचून दाखवायच्या होत्या का?

पहिलं बाळंतपण आहे माझं. आईनं बाळंतविडा तयार ठेवलाय, बाबांनी पेन्शनीतून खोली नवी केली आहे. आणि सात महिने ज्यानं घराचं तोंड पाहिलं नाही, तो येऊन मला लिहितो, येऊ नको. मधली खोली तुझी होती, हे मला ठाऊक आहे. तिथे माझा पाळणा लागणार हे तुला बोचतं, असं मी म्हटलं तर तुला राग येईल. येऊ दे.

तू आयुष्यात एक काम पुरं केलेलं मला दाखव. आयटीआय सोडलीस. सुरतच्या हॉटेलातून पळालास. हिंगण्याच्या कंपनीत बाबांनी ओळखीनं चिकटवलं तर तिथल्या सुपरवायझरशी भांडून कंपनीच्या बसमधून अर्ध्या वाटेत उतरलास. आता एक मीटर पाहिलं आणि झालास जाणता.

बाबा त्या कंपनीत पंचवीस वर्षं पाईपच हाताळत होते. त्यांना पाईप कळत नाही आणि तुला कळतो?

फोन ब्लॉकच राहील. लिहायचं असेल तर लिही. फोनवर तू नुसता ओरडतोस, लिहिताना निदान अक्षर लावावं लागतं. आणि लिफाफ्यावर माझं नाव मोठं घाल.

मी ठरल्याप्रमाणे चौदा एप्रिल झाल्यावर येणार.

सोनिका


इंदोरा, नागपूर
८ एप्रिल २०२५

ताई,

लिफाफ्यावर तुझं नाव एवढं मोठं घातलं आहे की पोस्टातली बाई म्हणाली, निवडणुकीला उभ्या आहेत का? सासूबाईंना माझा जय भीम सांग. आणि हेही सांग की पत्र शेवटपासून वाचत जा.

मधली खोली तू घे. पाळणा लाव, झुला लाव, हत्ती बांध. मला जमिनीवर झोप येते. मी पारशिवनीत मोटारच्या खोलीत पोत्यावर झोपतो आणि वर पाल असते, तिचं मी नाव ठेवलं आहे. खोलीसाठी पत्र लिहीन असं तुला वाटलं, यावर मला जो राग आला तो मी लिहून काढला होता. दोन पानं. फाडली. त्या पानांत शिव्यांशिवाय काही नव्हतं.

आता जे झालं ते ऐक. मी उद्या इथून निघतो आहे.

रविवारी सकाळी बाबा आणि भैय्याजी फाटकापाशी रांजण धूत होते. चौदा एप्रिलच्या पाणपोईचे. मी व्हरांड्यात बसून त्यांचं ऐकत होतो.

"यंदा चार ठेवू, आनंदराव," भैय्याजी म्हणाले. "ऊन पाह्य ना कसं पेटलं. लिंबू-साखर माझी, पाणी तुमचं."

"पाणी त आपलंच राहते दरसाल," बाबा म्हणाले. "माया नळाचं."

मी उठलो. आधी हळूच बोललो, तुझी शपथ. "बाबा, त्या नळाचं नका पाजू लोकांना."

"काहून?"

"सांगितलं ना. पाईप फुटला आहे. नालीचं पाणी शिरते त्याच्यात."

"पाहा भैय्याजी," बाबा म्हणाले, "गणितात तीनदा लटकला, अन् आता इंजिनेर झाला."

भैय्याजी हसले. म्हणाले, "अरे पोरा, पस्तीस वर्षं झाली, याच रांजणाचं पाणी पिऊन लोकं मिरवणुकीत नाचून राहिले. कोणाले काही झालं?"

"बाबांना झाली ना कावीळ!"

"ते तुह्या पोह्यानं," बाबा म्हणाले, रांजणातून हात न काढता.

बस. तिथे माझं डोकं गेलं. गल्लीत सकाळची वर्दळ होती, समोरची पोरं पताका लावत होती, दोन बाया हापशीवरून येत होत्या. मी फाटकात उभा राहून जोरानं ओरडलो, "कोणी पिऊ नका या घरचं पाणी! घाण आहे या घरचं पाणी! कोणी पिऊ नका!"

पताका लावणारा पोरगा शिडीवरच थांबला.

बाबा उठले, ओल्या हातानंच आले आणि माझ्या कानाखाली दिली.

ताई, त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मी शाळेची फी जत्रेत उडवली तेव्हाही नाही. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांचा आवाज एकदम हळू. म्हणाले, "माया घरचं पाणी ज्याले घाण वाटते, त्यानं माया घरात नाही राहायचं. निघ."

आई मधे पडली, तिलाही म्हणाले, "तू नको बोलू वं."

नंतर भैय्याजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे काय बोलला बे तू? बापाले असं बोलते का कोणी?" मी म्हटलं, मी बापाला कुठे बोललो, पाईपाला बोललो. ते मान हलवत निघून गेले.

दोन टाइल्ससाठी एवढं? टाइल्सचाच मोह आहे ना हा? नवी फरशी फुटू नये म्हणून लोकांना नाली पाजणार, तुलाही पाजणार. मला या घराची किळस आली आहे. मी गच्चीवर बसून लिहितो आहे. खाली बाबा पाईपाला कानस मारून राहिले आहेत, रंग द्यायच्या आधी मारतात तशी. आवाज दातांत जातो.

तुला यायचं असेल तर ये. उकळून पी. निदान पहिली बादली फेकून दे, एवढं तरी ऐक. मी सांगायचं ते सांगितलं.

धम्मा


चंद्रपूर
११ एप्रिल २०२५

धम्मा,

हे पत्र यांच्या ऑफिसमधल्या माणसाच्या हाती पाठवते आहे, तो उद्या नागपूरला येतोय. तू निघाला नसशील या आशेवर. तू "उद्या निघतो" म्हणतोस तेव्हा चार दिवस तरी असतोस.

तू काय बोललास ते तुला खरंच कळलेलं नाही. म्हणून सांगते. आजी गेली तेव्हा तू लहान होतास. पुढची गोष्ट तिनं मला सांगितली होती. बाबा कधीच सांगणार नाहीत.

आपलं घर बांधून झालं तेव्हा बाबांनी कंपनीतल्या लोकांना जेवायला बोलावलं. रोज एका बाकावर डबा खाणारे लोक. आले सगळे. सतरंजीवर बसले. आजीनं नव्या नळाचं पाणी नव्या स्टीलच्या पेल्यांत भरून ट्रे पुढे नेला. एक म्हणाला, आत्ताच पिऊन आलो. दुसरा म्हणाला, मला उपास आहे. तिसऱ्यानं पेला हातात घेतला आणि बोलत बोलत खाली ठेवला. कोणी वाईट शब्द बोललं नाही. सगळे छान बोलत होते. ताटं वाढायच्या आतच कामं आठवून उठले. पेले भरलेले तसेच राहिले. आजीनं ते एकेक करून कडुनिंबाच्या मुळाशी ओतले, आणि बाबा दारात उभे राहून बघत होते.

पुढच्या चौदा एप्रिलला त्यांनी फाटकाबाहेर पहिला रांजण ठेवला. माझ्या नळाचं पाणी आहे, ज्याला प्यायचं तो पिईल, म्हणाले. आजी म्हणायची, पहिल्या वर्षी आनंद संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होता. कोण पितं ते बघत.

त्या माणसाच्या फाटकात उभा राहून तू अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलंस, या घरचं पाणी घाण आहे, कोणी पिऊ नका. पाईपाला बोलायचं होतं तर पाईपाला बोलायचं. तू घराला बोललास. टाइल्स कशाच्या डोंबलाच्या!

मी तुझ्यावर चिडलेलीच आहे. पण एक काम केलं. डॉक्टरबाईंना विचारलं, तुझं नाव न घेता. नालीचं पाणी पिण्यात आलं तर काय? त्यांनी लिहिता लिहिता पेन ठेवलं. म्हणाल्या, या पाण्याची कावीळ इतरांना महिन्याभरात बरी होते, पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईचा जीव घेऊ शकते. कोणत्या गावचं पाणी, असं विचारत होत्या. माझ्या बापाच्या घरचं, हे माझ्याही तोंडून निघेना. आता कळलं तुला?

तर असं कर. पाणपोई थांबवू नकोस. रस्त्यावरून मीटरपर्यंत पाणी चांगलं येतं, असं तूच लिहिलंस. मीटर फाटकाजवळ आहे. तिथून फाटकापर्यंत नवी नळी आणायला तुला किती वेळ लागतो? मिरचीच्या वावरात काय माकडं हाकायला होतास? बाबांना पाणी वाईट म्हणू नकोस. पाणी त्यांचं चांगलंच आहे. पाईप म्हातारा झालाय, एवढंच म्हण. आणि त्यांना समजावत बसू नकोस, मीटर त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.

जिन्यात जे बोलले ते मी अजून परत घेत नाही. आधी पाईप निघू दे.

ताई


इंदोरा, नागपूर
१६ एप्रिल २०२५

ताई,

निघालो नव्हतो. भैय्याजींच्या व्हरांड्यात होतो. त्यांच्या कूलरचं पाणी रात्रभर माझ्या पायावर ठिबकत होतं, तोही पाईप पाहायला पाहिजे. तुझं पत्र तिथेच वाचलं. मग परत वाचलं. पेल्यांचं मला कोणी का नाही सांगितलं? एवढा मोठा झालो, त्या कडुनिंबाखाली मी अख्खं लहानपण गोट्या खेळलो. तुम्ही सगळे गप्प बसता आणि मग म्हणता धम्माला कळत नाही. माझा राग तुझ्यावरही आहे, बाबांवरही आहे, आणि त्या उपास असलेल्या माणसावर तर एवढा आहे की तो भेटला असता तर मी त्याला चारही रांजण पाजले असते.

तेरा तारखेला मी लकडगंजातून नळी, दोन वळणं आणि एक नळ आणला. तिथे एक म्हातारा दुकानदार जुन्या नळांच्या तोट्या वजनावर विकतो, पितळी, सिंहाच्या तोंडाच्या, मी तासभर तिथेच रमलो होतो. ते जाऊ दे. घरी येऊन मीटरपाशी बसलो आणि जोडायला लागलो. बाबा खुर्चीवर चंदेरी रंगाचा डबा उघडत होते.

"कोणाले विचारलं?"

"ताईनं सांगितलं."

डबा उघडायचा थांबला. मी मान वर न करता म्हटलं, "पाणी आपलंच आहे बाबा. चांगलं आहे. पाईप म्हातारा झाला, म्हणून पाण्याला इथूनच बाहेर काढतो. पटत नसेल तर घरातले सगळे नळ बंद करा आणि हे चाक पाहा."

मला वाटलं, आता दुसरी बसते. पण ते आत गेले. एकेक नळ पिळल्याचा आवाज आला. स्वयंपाकघर, न्हाणी, मागचा. आईला म्हणाले, "कशाले हात नको लावू वं." मग येऊन मला म्हणाले, "सरक."

मीटरसमोर उकिडवे बसले. चष्मा पुसला. परत पुसला. आई दारात, भैय्याजी फाटकात, मी नालीवर. चाक फिरत होतं. बाबांनी काचेवर बोट ठेवलं, जसं काही बोटानं ते थांबणार होतं. किती वेळ बसले माहीत नाही, त्यांचे पाय आखडले, आईनं धरून उठवलं. उठल्यावर त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. चारही रांजण एकेक करून घासत घासत मीटरपाशी ओढले, भैय्याजी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू द्या."

चौदाला पाणपोई झाली. नव्या नळाचं पाणी. पहिली बादली मी नालीत सोडली, आई ओरडली, बाबांनी रांजण पुढे सरकवला. दिवसभर लोक आले. निळा गुलाल, ढोल, पोरं, पोलीससुद्धा पिऊन गेले. एक अनोळखी माणूस पेला पिऊन म्हणाला, "काका, थंडगार आहे, अजून द्या." बाबांनी अजून दिलं. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, पण पाहत होतो.

पंधराला सकाळी घणाच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात बाबा. पहिली टाइल फुटलेली. भैय्याजी खिडकीतून म्हणाले, "आनंदराव, काय करून राहिले? नवी टाइल हाय!"

"माहीत हाय. मीच बसवली."

आई एका कोपऱ्यात माठ पोटाशी धरून बसली होती. मी उभाच होतो. बाबांनी दुसरी फोडली, तिसरी फोडली. माझ्याशी अजून बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "पाना दे."

दिला.

धम्मा


इंदोरा, नागपूर
१९ एप्रिल २०२५

सौ. सोनिकाले बाबाचा जय भीम.
जवाईबापू अन् सासूबाई यांले जय भीम सांग.

मी पत्र लिहीत नाही हे तुले माहीत हाय. फोनवर मले हे बोलता येत नाही, आवाज बसते, म्हणून लिहून राहिलो.

पाईप काढला. स्वयंपाकघराखालचा तुकडा मी स्वतः कापला. त्याच्यात माया करंगळीचं टोक गेलं नाही. चेंबरपाशी त पाईप राहिलाच नव्हता, हातात घेतला अन् खपली पडावी तसा पडला. त्या जागी माती काळी होती. वास होता. मी पंचवीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये पाईप मोजून देल्ले, जाडी पाहून सांगो कोणता कुठं लागते, अन् माया चुलीखालचा मले नाही दिसला.

भिंतीत सिमेंटाखाली होता त्या तुकड्यावर लाल पट्टी अजून तशीच हाय. ओली केली त कालची वाटते. मले त्या दुकानदारानं फसवलं नव्हतं. पाईप चांगलाच होता. छत्तीस वर्षं झाली त्याले, कोणीही थकते. मीच त्याले रंग मारत राहिलो.

तो तुकडा धम्मा फेकून देतो म्हणते. फेकू देल्ला नाही. तुही आजी त्याच नळाचं पाणी पहिल्यांदा प्याली अन् म्हणाली होती, गोड हाय रे आनंद. त्या दिवशी गोडच होतं.

धम्मा नवी लाईन भिंतीवरून वरवर घेऊन राहिला, नालीपासून दूर. म्हणते, पाईप डोळ्यासमोर पायजे, पुन्हा जमिनीत नाही गाडायचा. काम बरं करते. दर अर्ध्या तासानं कुठं भटकायले जाते, पण येते. टिल्लू पंप त्यानं काढला अन् भैय्याजीले इकला, मले न विचारता. तुह्या आईचं अन् त्याचं रोज सकाळी पहिल्या बादलीवरून वाजते. ती म्हणते, पहिलं पाणी फेकणं पाप हाय. तो म्हणते, मंग पाप मले लागू दे. कालपासून ती पहिली बादली कडुनिंबाले घालून राहिली.

चंदेरी रंगाचा डबा उघडलेला होता. प्लास्टिकच्या पाईपाले रंग लागत नाही म्हणे. त्या रंगानं धम्मानं फाटक रंगवलं. तेही न विचारता.

एक गोष्ट हाय. कावीळ त्याच्या पोह्यानं झाली नव्हती. हे मी त्याले तोंडानं सांगू शकत नाही, मले जमत नाही. तू सांग. तूही त्याले जिन्यात बोलली होती, तुह्यावरही येते ते. अन् मी त्याले मारलं, ते तू मधे आणू नको. ते माया-त्याच्यात हाय.

आता मुख्य. खोलीत फरशी नाही, नुसते खड्डे हाय. पाण्याची तपासणी करायले बाटली देल्ली, तिचा कागद यायचा हाय. तो चांगला आल्याबिगर माया घरी तुह्यासाठी पेलाभर पाणी नाही. तवापर्यंत तू येऊ नको. आठव्या महिन्यात आली तरी चालते, अन् तेही नाही जमलं त तुही आई तिकडे येईन. सासूबाईंले हे पत्र वाचू दे, मी कोणापासून लपवत नाही.

धम्मानं येऊ नको लिहिलं तवा तुले राग आला म्हणते. आता बाप लिहून राहिला, येऊ नको.

कर राग.

तुहा बाबा
आनंदराव